प्रतीक्षा घटावी, परीक्षा टिकावी

(मोटार वाहन कार्यालयांतील नागरिकांची सोय या विषयावर, गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शासनाच्या कारभाराची ओळख सर्वसामान्य माणसाला मंत्रालयात होत नाही. ती होते तलाठ्याच्या कचेरीत, दवाखान्यात केसपेपर काढण्याच्या खिडकीपाशी, बँकेच्या दारात आणि मोटार वाहन कार्यालयाच्या रांगेत. ह्या ठिकाणी त्याला किती वेळ ताटकळत बसावे लागले, किती वेळा यावे लागले आणि परत जाताना काम झाले की नाही, यावरच राज्यकारभाराविषयीचे त्याचे मत बनत असते. म्हणूनच प्रतीक्षेचा प्रश्न वरवर किरकोळ वाटला तरी तो लोकशाही प्रशासनाच्या मुळाशी जाऊन भिडणारा आहे.

आज मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. शेतकरी तिच्यावरून बांधीवर जातो, शिक्षक शाळेत जातो, आरोग्यसेविका पाड्यावर जाते. ट्रॅक्टर तर शेतीचाच भाग झाला आहे. त्यामुळे अनुज्ञप्ती, वाहननोंदणी, नूतनीकरण, मालकी हस्तांतरण, योग्यता प्रमाणपत्र ही कामे आता मोजक्या वाहनमालकांची न राहता घराघराची झाली आहेत. मोटार वाहन कार्यालयाचा कारभार अशा रीतीने खेड्यापाड्यांतल्या जीवनाशी जोडला गेला आहे.

जिल्ह्याची ठेवण

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव हे त्याचे आठ तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १३ लाख २२ हजार. तलावांचा आणि धानाचा हा प्रदेश. नवेगावबांध व नागझिऱ्याच्या वनांनी वेढलेला. उत्तरेस मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, पूर्वेस छत्तीसगड. येथील वाहनांवर ‘एम.एच. ३५’ ही मालिका असते.

जिल्ह्याचे मुख्य ठिकाण गोंदिया शहर हे उत्तर सीमेलगत आहे. तिरोडा, आमगाव व सालेकसा ही गावे मुंबई-हावडा लोहमार्गावर असल्यामुळे त्यांना गोंदिया गाठणे तुलनेने सोपे. परंतु देवरीला लोहमार्ग नाही. तेथील माणसाला आमगावमार्गे सडकेनेच यावे लागते. दक्षिण टोकाचे अर्जुनी मोरगाव हे बल्लारशाहकडे जाणाऱ्या लोहमार्गावर असले तरी ते गोंदियापासून पाऊणशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि त्यापलीकडची वनातली गावे आणखी दूर. गोंदिया शहरातील रहिवाशाला कार्यालयात जाणे म्हणजे तासाभराचे काम. दक्षिणेकडील माणसाला तोच अख्ख्या दिवसाचा प्रवास. कार्यालय एकच, खिडकी एकच, शुल्क एकच. पण दोघांनी मोजलेली किंमत मात्र सारखी नाही.

एक खेप म्हणजे काय?

उदाहरणादाखल अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एखादा ट्रॅक्टरचालक डोळ्यांसमोर आणावा. त्याचे वय ४२ वर्षे. अनुज्ञप्तीची मुदत संपत आली आहे. धानाची रोवणी आटोपून चार दिवस मोकळे मिळाले म्हणून तो पहाटे उठतो, भाकरी बांधून घेतो, सायकलने स्टेशन गाठतो आणि गाडीने गोंदियाला येतो. कार्यालयात त्याच्याआधी बरीच माणसे येऊन बसलेली असतात. त्याचा क्रमांक येतो तेव्हा लिपिक कागद चाळून सांगतो की, वयाची ४० वर्षे पूर्ण झाली असल्यामुळे नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र जोडले पाहिजे. ते त्याच्यापाशी नाही. लिपिकाचे म्हणणे नियमाला धरूनच आहे. त्यात त्याचा काही दोष नाही. चालक हिरमुसला होऊन परततो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

आता हिशेब मांडावा. खिडकीवर ह्या माणसाचे काम दोन्ही दिवस मिळून दहा मिनिटांचेच झाले. कार्यालयाच्या लेखी ही तत्पर सेवा ठरेल. परंतु त्या माणसाच्या लेखी दोन दिवसांची मजुरी बुडाली, दोन वेळचे भाडे गेले, बाहेरचे खाणे झाले आणि वर शेजाऱ्याने ऐकविले ते वेगळेच. त्याचा वेळ खिडकीपाशी गेला नाही. तो गेला वाटेत, आणि एका कागदाची माहिती आधी न मिळाल्यामुळे गेला. प्रतीक्षेचे मोजमाप घड्याळाने होते, पण ग्रामीण भागात ते खेपांनीही झाले पाहिजे. ज्या कार्यालयात एका खेपेत काम होते ते सोयीचे कार्यालय. तेथे तासभर बसावे लागले तरी माणूस समाधानाने घरी जातो.

ह्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. दुसऱ्या खेपेचा धसका घेतलेला माणसूच मध्यस्थाच्या हाती सापडतो. कार्यालयाबाहेरच्या झाडाखाली बसलेला मध्यस्थ त्याला विशेष असे काही देत नाही. कोणता नमुना, कोणता कागद, कोणती खिडकी, एवढेच तो सांगतो. आणि हीच माहिती कार्यालयाने दर्शनी भागात सोप्या भाषेत मांडलेली असेल तर मध्यस्थाची दुकानदारी आपोआप मंदावते. दलालांविरुद्ध फलक लावण्यापेक्षा माहितीचा फलक लावणे अधिक परिणामकारक असते.

कायद्यालाही वेळेचे भान आहे

भारतात मोटारींची नोंदणी व चालकांची अनुज्ञप्ती यांसंबंधीचा देशव्यापी कायदा प्रथम १९१४ साली झाला. त्याची जागा १९३९ च्या अधिनियमाने घेतली आणि त्याच्या जागी आलेला मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. हे कायदे नागरिकांवर बंधने घालणारे आहेत, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु १९८८ चा अधिनियम बारकाईने वाचला तर त्यात कार्यालयांवर घातलेली बंधनेही दिसून येतात.

कलम ४८ चेच उदाहरण घ्यावे. वाहन दुसऱ्या राज्यात न्यावयाचे असेल तर ना-हरकत प्रमाणपत्र लागते. गोंदियासारख्या सीमेवरील जिल्ह्यात बालाघाट किंवा राजनांदगाव भागाशी वाहनांची खरेदी-विक्री स्वाभाविक असल्यामुळे ह्या प्रमाणपत्राचे महत्त्व मोठे. अर्ज मिळाल्यापासून तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याने ते दिले पाहिजे किंवा नाकारल्याचे कळविले पाहिजे. तीस दिवसांत यांपैकी काहीच झाले नाही तर ते दिले आहे असे कायदा मानतो. कार्यालयाच्या मौनाचा भार नागरिकावर पडू नये, हे तत्त्व विधिमंडळांनी किती आधी ओळखले होते, हे यावरून ध्यानात येईल.

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी दोन सोयी दिल्या. पूर्वी राहण्याच्या किंवा व्यवसायाच्या क्षेत्रातील प्राधिकाऱ्याकडेच अनुज्ञप्तीसाठी अर्ज करावा लागे. आता राज्यातील कोणत्याही अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याकडे तो करता येतो. भंडारा वा गडचिरोली जिल्ह्याच्या सीमेवरील गावांना याचा विचार करता येईल. दुसरी सोय नूतनीकरणाची. मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापर्यंत केव्हाही नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. रोवणीच्या किंवा मळणीच्या घाईत कार्यालय गाठण्याऐवजी शेतीची कामे नसताना तो करावा, एवढे नियोजन प्रत्येक चालकाला शक्य आहे. मात्र मुदत संपल्यानंतर नूतनीकरण होईपर्यंत वाहन चालविता येत नाही, आणि मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, हे विसरता कामा नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी दिलेल्या निर्णयानेही अनेकांची एक खेप वाचविली आहे. हलक्या मोटार वाहनाची अनुज्ञप्ती असणाऱ्यास, एकूण भार ७,५०० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसलेले वाहतूक वाहन चालविण्यासाठी वेगळ्या नोंदीची आवश्यकता नाही, असे त्यात स्पष्ट झाले. धान गिरणीपर्यंत पोचविणाऱ्या छोट्या मालवाहू गाड्यांच्या चालकांना हा निर्णय माहीत असणे अगत्याचे आहे.

रांगेचे गणित

रांग लांबली की अधिक कर्मचारी हवेत, असे साहजिकच वाटते. कर्मचारी पुरेसे असलेच पाहिजेत, यात वाद नाही. परंतु रांगेचे एक स्वतंत्र गणित आहे. डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग ह्या गणितज्ञाने १९०९ साली त्याचा पाया घातला. किती तारा असाव्यात म्हणजे बोलणाऱ्यांना फार थांबावे लागणार नाही, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. पुढे हेच शास्त्र बँका, रुग्णालये व विमानतळ यांना उपयोगी पडले. त्याचे सार मोटार वाहन कार्यालयासही लागू पडते.

समजा, एका खिडकीवर दिवसभरात ४० माणसांचे काम होते आणि प्रत्येकास ६ मिनिटे लागतात. म्हणजे एकूण काम ४ तासांचे झाले. ही चाळीसही माणसे सकाळी एकाच वेळी आली तर पहिल्याला थांबावे लागत नाही, पण शेवटच्याला ३ तास ५४ मिनिटे थांबावे लागते. सरासरी प्रतीक्षा ११७ मिनिटे, म्हणजे जवळजवळ दोन तास. आता तीच माणसे दर तासाला दहा अशी चार गटांत बोलावली तर सरासरी प्रतीक्षा २७ मिनिटांवर येते आणि कोणालाही ५४ मिनिटांपेक्षा अधिक थांबावे लागत नाही. लिपिक तोच, खिडकी तीच, काम तेवढेच. बदलली ती केवळ येण्याची वेळ.

गोंदियासारख्या जिल्ह्यात माणसे सकाळी एकदम का येतात, याचे उत्तर गाड्यांच्या वेळापत्रकात आहे. गाडी येते आणि तिच्यासोबत रांगही येते. म्हणून वेळ ठरवून देताना शहरातील नागरिकांना सकाळची पहिली किंवा सायंकाळची वेळ आणि दूरच्या तालुक्यांतील नागरिकांना मधली वेळ दिली तर दोघांचीही सोय होईल. परतीची शेवटची गाडी चुकू नये, एवढी काळजी घेतली तरी माणसाला कार्यालय आपले वाटू लागते. फेब्रुवारी २०२० अखेरीपासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला असून कामाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी आहे. ह्या वाढीव वेळेचा उपयोग अशा वाटणीसाठी करून घेता येण्याजोगा आहे.

संगणकाने काय साधले, काय उरले?

गेल्या काही वर्षांत ह्या क्षेत्रात मोठे परिवर्तन घडून आले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने विकसित केलेल्या ‘वाहन’ व ‘सारथी’ ह्या प्रणालींमुळे जुन्या जाडजूड नोंदवह्यांची जागा संगणकाने घेतली. २०१८ पासून ‘डिजिलॉकर’ किंवा ‘एम-परिवहन’ यांवरील अनुज्ञप्ती व नोंदणी प्रमाणपत्र मूळ कागदपत्रांप्रमाणे ग्राह्य धरले जाते. त्यामुळे छापील पत्र हाती येण्यास विलंब झाला तरी चालकाची अडवणूक होण्याचे कारण उरले नाही. मार्च २०२१ मध्ये केंद्र शासनाने आधार-आधारित १८ सेवा कार्यालयात न जाता मिळण्याची तरतूद केली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ही संख्या ५८ वर नेली. महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये शिकाऊ अनुज्ञप्तीची परीक्षा घरबसल्या देण्याची व नव्या वाहनाची नोंदणी विक्रेत्याकडेच करण्याची सोय सुरू झाली.

मघाशी उल्लेख केलेल्या ट्रॅक्टरचालकाचे नूतनीकरणही ह्याच सेवांत मोडते. ज्या कामासाठी त्याने दोन दिवस घालविले, ते गावात बसून होणारे होते. ते झाले नाही, याची कारणे तपासली पाहिजेत. पहिले कारण, त्याला ते माहीत नव्हते. दुसरे, आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक बहुधा जुना किंवा दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि त्यावर येणारा सांकेतिक अंक मिळाला नाही की सारे अडते. तिसरे, वनभागात संपर्कजाळे क्षीण असते. चौथे, अर्ज कोणाकडून भरून घ्यावा, हा प्रश्न. सोय उपलब्ध असणे आणि ती माणसापर्यंत पोचणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. यांमधील अंतर भरून काढणे हे ह्यापुढचे खरे काम होय.

आणखी एक सावधगिरीची सूचना येथे करणे आवश्यक वाटते. वेळ आगाऊ ठरवून दिल्यामुळे कार्यालयातील गर्दी कमी दिसते. पण चाचणीची तारीख जर कित्येक आठवड्यांनंतरची मिळत असेल, तर रांग संपली असे म्हणता येणार नाही. ती केवळ व्हरांड्यातून उठून लोकांच्या घरात जाऊन बसली. म्हणून कार्यालयाच्या कामाचा आढावा घेताना ‘आज किती माणसे बसली होती’ एवढेच न पाहता ‘अर्जापासून निकालापर्यंत किती दिवस गेले’ आणि ‘किती खेपा झाल्या’ हे दोन आकडेही नोंदले जावेत.

कार्यालयच गावाकडे

सर्वच कामे दूरस्थ पद्धतीने होणारी नाहीत. पक्क्या अनुज्ञप्तीसाठी वाहन चालवूनच दाखवावे लागते. अशा कामांसाठी तालुक्याच्या ठिकाणी मासिक शिबिरे घेण्याची परिवहन विभागाची पद्धत आहे. मोटार वाहन निरीक्षक ठरलेल्या दिवशी तेथे येतात व चाचण्या घेतात. दूरच्या तालुक्यांना ह्या पद्धतीसारखा दुसरा दिलासा नाही.

ह्या कल्पनेला परदेशातही जुना दाखला आहे. ब्रिटनमध्ये १९३५ साली वाहनचालकांची परीक्षा सुरू झाली तेव्हा परीक्षा केंद्रे उभारलेली नव्हती. परीक्षक उमेदवारांना रेल्वे स्थानकावर किंवा ठरलेल्या अन्य जागी भेटत आणि तेथूनच परीक्षेला आरंभ होई. कार्यालय म्हणजे इमारत नव्हे, तर अधिकारी आणि नागरिक यांची ठरल्या वेळी होणारी भेट, हे यावरून लक्षात यावे.

शिबिराची उपयुक्तता मात्र दोन गोष्टींवर अवलंबून असते. त्याची तारीख पुरेशी आधी जाहीर झाली पाहिजे आणि जाहीर झालेली तारीख पाळली गेली पाहिजे. ठरलेले शिबिर ऐनवेळी रद्द झाले तर तालुक्यातील अनेकांचा दिवस वाया जातो आणि पुढच्या शिबिरावरचा विश्वासही उडतो. शिबिराच्या जागी सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि चाचणीसाठी सुरक्षित मोकळे मैदान असावे. महिलांची संख्या वाढती असल्यामुळे तान्ह्या मुलांच्या मातांसाठी आडोसा असावा. सीमावर्ती भागात मराठीबरोबरच हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढी बोलणारी माणसे राहतात. त्यांना समजेल अशा बोलीत दोन शब्द सांगणारा एखादा स्थानिक मदतनीस शिबिरात असेल तर अर्धी अडचण तेथेच दूर होते.

जो वेळ वाचवू नये तो

इथवर वेळ वाचविण्याविषयी विवेचन झाले. परंतु मोटार वाहन कार्यालयात असाही एक वेळ आहे की जो वाचविणे धोक्याचे आहे. तो म्हणजे चाचणीचा आणि तपासणीचा वेळ.

२०२२ ह्या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. महाराष्ट्रात हा आकडा १५ हजारांवर होता. गोंदिया जिल्ह्यातून मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग जातो. देवरी, सडक अर्जुनी परिसरात त्यावरून अवजड वाहनांची अखंड ये-जा चालू असते आणि त्याच रस्त्यावर बैलगाड्या, सायकली, धानाने भरलेले ट्रॅक्टर व शाळेची मुलेही असतात. अशा ठिकाणी वाहन चालविणाऱ्याला वळणे, चढावर थांबून पुन्हा निघणे, मागे घेणे, खुणा ओळखणे हे सारे येते की नाही, हे पाहण्यासाठी निरीक्षकाने घेतलेली काही मिनिटे ही प्रतीक्षा नव्हे. ते समाजाचे संरक्षण होय. हीच गोष्ट वाहतूक वाहनाच्या योग्यता तपासणीची. ब्रेक तपासण्यास लागणारा वेळ रांग मोठी आहे म्हणून कमी केला, तर त्याची भरपाई रस्त्यावर कोणाला तरी करावी लागते.

घरबसल्या देण्याच्या परीक्षेचेही तसेच. ही सवलत नागरिकाच्या सचोटीवर विश्वास ठेवून दिलेली आहे. उमेदवाराच्या जागी दुसऱ्यानेच उत्तरे दिली तर अनुज्ञप्ती मिळेल, पण रस्त्याचे नियम येणार नाहीत. फसवणूक शासनाची होत नाही. ती स्वतःच्या जिवाची होते.

याउलट, प्रतीक्षा फार लांबली तर काय घडते, तेही पाहिले पाहिजे. कंटाळलेला माणूस अनुज्ञप्तीवाचूनच वाहन चालवू लागतो. पुढे अपघात झाला तर अनुज्ञप्ती नसणे हा मुद्दा विमा कंपनी उपस्थित करू शकते, आणि नुकसानभरपाईचा भार गरीब कुटुंबावर येण्याची वेळ येते. म्हणजे अकारण विलंब हा केवळ गैरसोयीचा विषय राहत नाही. तो सुरक्षिततेचाही विषय बनतो. कागदाचा वेळ जितका घटेल, तितका चाचणीला वेळ देता येईल, आणि माणसे आडवाटेला न जाता चाचणीपर्यंत येतील. प्रतीक्षा घटविणे आणि परीक्षा टिकविणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

प्रत्येकाचा वाटा

ह्या कामी कार्यालयाबरोबरच इतरांचाही वाटा आहे. ग्रामपंचायतीच्या फलकावर शिबिराची तारीख, कोणत्या कामास कोणते कागद लागतात आणि कोणती कामे घरबसल्या होतात, एवढी माहिती ठळक अक्षरांत लिहिली तर गावातील कित्येक खेपा वाचतील. ग्रामसभेत वर्षातून एकदा हा विषय घेता येईल. आधारशी भ्रमणध्वनी क्रमांक जोडून घेण्याची आठवण त्याच वेळी द्यावी. गावातील आपले सरकार सेवा केंद्रात ठरलेल्या दरानेच अर्ज भरले जातात आणि पावती मिळते, याकडे पंचायत सदस्यांनी लक्ष पुरवावे.

शिक्षकांचे कार्य त्याहून मोलाचे आहे. १६ वर्षे पूर्ण झालेल्यास केवळ ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या, गिअर नसलेल्या मोटारसायकलची अनुज्ञप्ती मिळू शकते. इतर खासगी वाहनांसाठी १८ आणि वाहतूक वाहनांसाठी २० वर्षे ही किमान वयोमर्यादा आहे. तरीही आठवी-नववीतील मुले मोटारसायकल चालविताना गावोगाव दिसतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होऊ शकते. पालकसभेत हे एकदा सांगितले तरी त्याचा परिणाम होतो. बारावीच्या विद्यार्थ्यांना अर्ज कसा भरावा, हे वर्गातच दाखविले तर ती मुले घरातल्या मोठ्यांचेही अर्ज भरून देतील.

अधिकारी व कर्मचारी यांच्यासाठी महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ हा मार्गदर्शक आहे. २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेल्या ह्या कायद्याने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. अर्जाची पोच देणे, सेवांची यादी, मुदत, शुल्क आणि पदनिर्देशित अधिकाऱ्याचे नाव दर्शनी भागात लावणे आवश्यक ठरले. सेवा नाकारली गेली किंवा तिला विलंब झाला तर तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. पुढे द्वितीय अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाविना कसूर करणाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्तीची तरतूद आहे. परंतु शास्तीच्या भयाने होणारे काम आणि कर्तव्यबुद्धीने होणारे काम यांत फरक असतो. समोरचा माणूस कोणत्या गावाहून आला, परतीची गाडी केव्हाची, एवढी विचारपूस करणारा लिपिक कोणत्याही नियमात सांगितलेला नाही. तरी असे लिपिक ठिकठिकाणी आहेत आणि त्यांच्याच वागणुकीमुळे लोकांचा शासनावरील विश्वास टिकून आहे.

सारांश, मोटार वाहन कार्यालयातील सुधारणेची कसोटी सोपी आहे. जिल्ह्याच्या सर्वांत दूरच्या गावातून निघालेला माणूस एकाच खेपेत, कोणाच्या मध्यस्थीवाचून आणि आपले काम पूर्ण करून दिवेलागणीपूर्वी घरी पोचला पाहिजे. आणि त्याच्या हाती आलेली अनुज्ञप्ती ही त्याला वाहन खरोखरच चालविता येते याची खात्री असली पाहिजे. ह्या दोन्ही गोष्टी साधल्या, म्हणजे कार्यालय लोकांचे झाले असे निःशंकपणे म्हणता येईल.